भुईची ओल

मराठीत शेतालाही जमीन म्हणतात आणि घरातल्या पायाखालच्या भागालाही जमीनच म्हणतात. आमच्या लहानपणी "औंदा जमीन करायची हाय" असं कुणी म्हटलं, तर हा माणूस शेत विकत घेणार असं कुणाला वाटत नसे. घरातली भुई उखडून नव्याने बसवायची, एवढाच त्याचा अर्थ. ओल हा शब्दही असाच दुतोंडी. रब्बीच्या पेरणीला माणूस मूठभर माती दाबून बघतो आणि "ओल हाय" म्हणून खूश होतो. तीच ओल घरात शिरली की धान्य बिघडतं, अंथरूण कुबट होतं, म्हातारी माणसं गुडघे धरून बसतात. शेतातली ओल धरून ठेवायची आणि घरातली घालवायची, यातच कुणब्याचा जन्म जातो. ही घरातली ओल घालवायला आमच्या भागात काय काय केलं गेलं, ते कुणी केलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे जेवढं पाहिलं तेवढं इथे सांगतो.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीपासून सायकलीच्या अंतरावर. गाव वसवताना जुन्या माणसांनी एक शहाणपण केलं होतं. शेती काळीत आणि घरं पांढरीत. गावठाणाला 'पांढरी' म्हणायची पद्धत यातूनच आलेली. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आवळते, तेव्हा तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर पाऊस नसला तरी पोटातल्या ओलीवर ती शाळू पिकवून देते, म्हणून ती सोन्यासारखी. पण अशा मातीवर भिंत उभी केली तर ती पावसाळ्यात वर उचलते आणि उन्हाळ्यात खाली बसते. पांढरीची माती हलकी, राखेसारखी. ती फुगत नाही, भेगाळत नाही. घर बांधायला आणि धाब्यावर घालायलाही तीच चांगली. तेव्हा घराच्या जमिनीची पहिली तजवीज घर बांधायच्या आधीच झालेली असे.

आमचं घर पाच खणांचं. दर दोन-तीन वर्षांनी पावसाळा सरला की जमीन केली जायची. जुनी भुई कुदळीने खणायची, ढेकळं फोडायची, त्यात मुरूम आणि पांढरी माती मिसळायची, पाणी मारून रात्रभर भिजू द्यायची. दुसऱ्या दिवशी धुम्मसाने ठोकायची आणि मग लाकडी चोपण्याने चोपत बसायचं. पाणी सुटून वर आलं की पुन्हा चोपायचं. चोपण्याचा आवाज आधी 'भद्द' असा येतो, माती घट्ट होत जाते तसा तो 'टण्ण' होतो. आजी त्या आवाजावरून सांगायची, "आता बास. आता सारवा."

धुम्मस पुरुष चालवत. चोपणं आणि सारवणं बायकांचं. सारवण ही काही एकदाची गोष्ट नव्हती. आठवड्यातून एकदा सगळं घर, चुलीपुढची जागा रोज, आणि सणावाराला पुन्हा सगळं. ताजं शेण पाण्यात कालवायचं, त्यातल्या काड्या वेचायच्या आणि उकिडवं बसून हाताने अर्धगोल ओढत मागे मागे सरकायचं, दारापर्यंत. त्या अर्धगोलांची नक्षी वाळली की सुंदर दिसायची, हे खरं. काही घरांत भुई काळीभोर दिसावी म्हणून बॅटरीचे संपलेले सेल फोडून त्यातली काळी पूड शेणात घालत. शेणातले बारीक तंतू मातीला धरून ठेवतात, वरचा पातळ थर भेगा भरतो, धूळ बसवतो. आणि मुख्य म्हणजे हा थर भुईचं तोंड पुरतं बंद करत नाही. खालून आलेली ओल घरभर थोडी थोडी उडून जाते. कुठे साठत नाही, म्हणून कुठे फुटत नाही. पण आषाढ-श्रावणात हवाच दमट असली की उडणार कुठे? मग भुई आठ-आठ दिवस वाळत नसे. पोरांना पोत्यावर घोंगडं आणि घोंगड्यावर वाकळ घालून निजवायचं.

जमिनीवरच्या ओलीला असं निभावून नेलं, तर जमिनीच्या पोटात धान्य कसं ठेवत असतील? त्यासाठी पेव होतं. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली हळदीची पेवं पिढ्यानपिढ्या प्रसिद्ध. सांगलीच्या बाजारात आलेली हळद पोत्यांत न राहता हरिपूरच्या भुईत जाऊन बसायची. तोंडाशी माणूस उतरेल एवढंच भोक आणि आत घागरीसारखं पोट. तिथली माती अशी घट्ट, की आत पाणी पाझरत नाही. आमच्या गावातही दोन-चार वाड्यांत जोंधळ्याची पेवं होती. तळाला आणि कडेने कडबा-पाचटाचा जाड थर द्यायचा, म्हणजे धान्य मातीला टेकत नाही. भरलं की तोंडावर दगड, वर माती आणि शेणमातीचं लिंपण. आतलं धान्य उरलीसुरली हवा संपवतं आणि हवा संपली की किडा जगत नाही. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. बराच वेळ तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील दोरीने खाली सोडायचा. तो विझला तर माणूसही विझणार. हे न पाळल्याने पेवात माणसं गेलेली आहेत.

'पेव फुटलं' असं आपण आज कशालाही म्हणतो, शिकवण्यांचं पेव फुटलं, मंगल कार्यालयांचं पेव फुटलं. त्या शब्दामागचं खरं पेव मात्र आता कुणी पाहिलेलं नसतं. हरिपूरची बरीचशी पेवं 2005 च्या महापुरात गेली. पण पेव खणणाऱ्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: ओल कुठून येते ते आधी बघायचं, जागा त्यावरून ठरवायची आणि लिंपायचं सगळ्यात शेवटी.

घरात दगडी फरशी आली ती आधी पाटलाच्या सोप्यात आणि देवळात. ही शहाबादी. शहाबाद आताच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात, तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथला चुनखडीचा दगड निसर्गतःच थरांचा, पहारीने उचकटला की पापुद्र्यासारखा लादीच्या लादीने सुटतो. गाव मुंबई-मद्रास रेल्वेच्या मार्गावर, त्यामुळे हा दगड वॅगनीत बसून महाराष्ट्रभर पोचला. शाळा, चावड्या, स्टेशनं, दवाखाने, सगळीकडे तीच निळसर-करडी फरशी. ती धुता येते, हे तिचं मोठं कौतुक. गावात कुणाच्या घरी फरशी आहे आणि कुणाच्या घरी शेणाची भुई, यावरून सोयरिकीची बोलणी पुढे-मागे होत. पोरगी देताना आई हळूच विचारायची, "जमीन किती हाय" आणि मग आणखी हळू, "आणि घरात फरशी हाय का?" पहिला प्रश्न बापासाठी असायचा, दुसरा पोरीसाठी.

फरशी परवडेना त्यांच्यासाठी सिमेंटचा कोबा होता, पण सिमेंट मिळायला हवं ना! पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात 1824 मध्ये निघालं. आपल्याकडे 1914 मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून ते नियमित निघू लागलं. 1936 मध्ये कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली. पुढे महायुद्धाच्या काळात सिमेंटवर सरकारी नियंत्रण आलं, आणि स्वातंत्र्यानंतरही ते या ना त्या रूपात कायम राहिलं. माझ्या लहानपणी सिमेंटला परमिट लागे. तालुक्याला खेटे घाला, अर्ज करा, कशासाठी हवं ते लिहून द्या. महाराष्ट्राच्या एका मुख्यमंत्र्यांवर तर सिमेंटवाटपाच्या प्रकरणात आरोप झाले आणि जानेवारी 1982 मध्ये त्यांना पद सोडावं लागलं, एवढी त्या करड्या पुडीची किंमत. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर नियंत्रण अर्धंमुर्धं उठलं आणि मार्च 1989 पासून पूर्ण उठलं. खेड्यातली घरं ज्या वेगाने त्या दहा वर्षांत बदलली, तो वेग आधीच्या शंभर वर्षांत नव्हता.

आमच्या घरात कोबा झाला 1978 साली. विहिरीच्या बांधकामासाठी मिळालेल्या पोत्यांतली काही उरली होती. गवंडी मिरजेकडचा होता. त्याने आधी भुई हातभर खणायला लावली. तळाला दगड-गोटे उभे रचून सोलिंग केलं, फटी मुरमाने भरल्या, पाणी मारून ठोकलं. त्यावर सिमेंट, वाळू आणि खडी एकास दोन, दोनास चार अशी कालवून अंथरली. वरच्या पातळ थरात तांबडा रंग मिसळला, रेड ऑक्साईड. ती लोखंडाच्या गंजाचीच पूड, म्हणून तो रंग सिमेंटमध्ये मरत नाही. थर ओला असताना लोखंडी थापीने घोटून घोटून तकतकीत केला आणि दोरी दाबून चौकटी उमटवल्या, लांबून फरश्या बसवल्यासारखं दिसावं म्हणून. मग मातीची आळी करून चौदा दिवस पाणी भरून ठेवलं. आम्ही पोरं घरात तळं झालं म्हणून नाचत होतो. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं, हे मला त्या गवंड्याने सांगितलं. घाईने वाळवलेल्या कोब्याचा वरचा थर खडूसारखा निघतो, पायाला भुकटी लागते. त्यावर कसलाही रंग दिला तरी तो त्या भुकटीसकट उठून येतो.

पाणी काढून कोबा पुसला त्या दिवशी आई बराच वेळ नुसती उंबऱ्यात बसून राहिली. पुढच्या गुरुवारी पहाटे ती सवयीने उठली आणि शेण कालवायचं नाही हे लक्षात आल्यावर परत निजली. लग्नानंतर पहिल्यांदा ती परत निजली असेल. आजीला मात्र ही भुई कधी आपली वाटली नाही. "थंडगार हाय, मड्यागत," म्हणायची, आणि तुळशीपुढचा तुकडा हट्टाने शेणाने सारवायची. तिच्या गुडघ्यांना थंड कोबा खरोखरच सोसत नसे. आजकाल शहरातले पाहुणे येतात आणि शेणाच्या भुईचं गुणगान करतात, ऊब काय, वास काय. आईने एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगलीच व्हती. चांगली व्हती म्हणणाऱ्यानं एक वरीस सारवून बघावं." मला दोघींचंही पटतं. एकीच्या गुडघ्यांचा हिशेब आणि दुसरीच्या हातांचा हिशेब एकाच पाटीवर मांडता येत नाही.

नियंत्रण उठल्यावर गाव पांढरीत मावेना. रस्त्याकडेला, एस.टी.च्या थांब्याजवळ नवी घरं झाली. ती सगळी काळीत. धाकट्या भावाने तिथे खताचं आणि बी-बियाण्याचं दुकान काढलं, खाली तळघर. पत्र्याची शेड उन्हाळ्यात तापते, तळघर थंड राहील आणि जागेचं भाडं वाचेल, हा हिशेब. सोसायटीचं कर्ज काढलेलं. तळघराला साधा कोबा घातला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यावर पांढरी पिठी फुलली. बोटाला लावून चाखली तर खारट. मातीतली ओल वर येते, येताना क्षार विरघळवून आणते, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं.

भावाने तैलरंग मारला. दिवाळीला तळघर राजवाड्यासारखं चकाकत होतं. पुढच्या श्रावणात रंगाला फोड आले आणि साप कात टाकतो तसे त्याचे पापुद्रे निघाले. नवं सिमेंट चुन्यासारखं तिखट असतं, ओल असली की ते तेलाच्या रंगाला खाऊन त्याचा साबण करतं. शिवाय खालून येणाऱ्या वाफेला वाट हवी असते. वाट बंद केली की ती रंग उचलून धरते. मग एका कंपनीचा माणूस आला. दोन डब्यांतलं औषध एकत्र करून लावायचं, वर दहा वर्षांची हमी. तेही दुसऱ्या पावसाळ्यात उठलं आणि हमीचा कागद दाखवायला गेल्यावर "तुमच्या जमिनीतच दोष आहे" असं उत्तर मिळालं. त्या साली भिंतीलगत ठेवलेलं सोयाबीनचं बियाणं दमट झालं. सोयाबीनचं बी आधीच नाजूक. उगवण तपासायला ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवले, त्यांतले निम्मेही फुटले नाहीत. भावाने ते विकलं नाही, परत घेतलंही कुणी नाही. कर्जाचा हप्ता मात्र चुकत नव्हता. वहिनीचं गंठण त्या वर्षी गेलं.

तेव्हा हरिपुराकडचे एक तात्या आले होते, तरुणपणी पेवं खणलेले. ते तळघरात उतरले, भिंतीला हात लावून फिरले आणि म्हणाले, "पोरा, पान्याला वरनं झाकून काय व्हतंय? ते आत कुठनं येतंय ते बघ, आन् त्येला भाईर वाट दे." त्यांनी एक साधी परीक्षा करायला लावली. खताच्या पोत्याच्या आतला प्लास्टिकचा कागद हातभर कापायचा, जमिनीवर पसरायचा, चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या करायच्या आणि रात्रंदिवस तसाच ठेवायचा. कागदाच्या खाली थेंब धरले तर ओल जमिनीतून येते आहे. खाली कोरडं आणि वर ओलं असेल, तर दमट हवा गार जमिनीला टेकून पाणी सुटतं आहे. तिला मग खेळती हवा हेच औषध, आणि पावसाळी हवेत दारं सताड उघडणं हे उलट विषच. आमच्या कागदाखाली सकाळी पाण्याची पाखर धरली होती.

मग काम मुळापासून झालं. आधी बाहेरचं. छपराचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत होतं, ते पन्हळ लावून लांब सोडलं. भिंतीबाहेरची काळी माती चर खणून काढली, तिथे खडी आणि मुरूम भरला, चराला रस्त्याच्या गटाराकडे उतार दिला. नंतर आतला कोबा फोडला. खालची काळी हातभर काढून टाकली, दगडाचं सोलिंग केलं, मुरूम ठोकला, वर बारीक वाळू. त्यावर जाड काळा प्लास्टिकचा कागद, एकाचा पदर दुसऱ्यावर वीतभर चढवून, कडेला भिंतीवर वळवून. त्याच्यावर चार इंच काँक्रीट. एकवीस दिवस पाणी आणि त्यानंतर दोन महिने नुसतं वाळू दिलं. भावाला घाई होती, पण वहिनीने चावी स्वतःजवळ ठेवली. पुन्हा कागद चिकटवून पाहिला, तो खालून कोरडा निघाला. तेव्हा कुठे वरची साय घासून काढली, धूळ झाडली आणि इपॉक्सीचे दोन पातळ हात दिले. रंग तोच, दोन डब्यांतला. फरक रंगाखालच्या जमिनीत होता. आणि एवढं करूनही पोती जमिनीला टेकवायची नाहीत. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून. पेवातल्या कडब्याचंच काम आता फळ्या करतात.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा चढली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या रस्त्यावर होड्या फिरल्या. तळघर वरपर्यंत भरलं. माल आधीच वर काढला होता, म्हणून पोटाचं वाचलं. पूर उतरल्यावर सगळीकडे मोटारी लावून तळघरं उपसायची घाई सुरू झाली. तात्या तोवर हयात नव्हते, पण त्यांचं बोलणं भावाच्या ध्यानात होतं. बाहेरची माती पाण्याने फुगलेली असताना आतलं पाणी एकदम काढलं, तर बाहेरचा सगळा दाब भिंतींवर आणि खालून जमिनीवर येतो. जमीन उचलते, भिंत आत येते. आतलं पाणी तोवर उलट आधार देत असतं. भावाने बाहेरच्या चराचं पाणी उतरायची वाट पाहिली आणि तीन दिवसांत थोडं थोडं करून तळघर उपसलं. गाळ काढून धुतल्यावर खालची जमीन शाबूत निघाली, रंगासकट.

आमचा तांबडा कोबा अजून आहे. चार ठिकाणी चिरला आहे, पण चाळीस वर्षं पायांनी घासून त्याला जो तजेला आला आहे तो कुठल्या डब्यात मिळत नाही. पुतण्याने नव्या घरात काचेसारख्या चकचकीत टाइल्स बसवल्या. त्यावर आईचा पाय सरकतो, म्हणून ती चालते तिथे गोणपाट अंथरलेलं असतं. आणि दर मृगाच्या तोंडावर वहिनी तळघरात तीन जागी प्लास्टिकचे तुकडे चिकटवते, एक दाराशी, एक मधोमध, एक भिंतीलगत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ते उचलून बघते आणि मगच बियाण्याची पोती खाली उतरवायला सांगते.